सुखरूप आलो म्हणजे बरोबर होतो का?

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. दोन माणसं, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली. पापण्यांवर बर्फ, दाढीवर बर्फ, मागे पांढऱ्याशिवाय काहीच नाही. दोघांचेही अंगठे वर. खाली माझ्या मित्राने लिहिलंय, ‘माउंट आयझेनहॉवर, विंटर समिट, डन!’ फोटो टाकला आणि तासाभरात लाईक्सचा पाऊस पडला. कॉलेजच्या ग्रुपवर फटाके फुटले. साताऱ्याच्या मावशीने ‘जपून रे बाळांनो’ लिहून पुढे जोडलेले हात टाकले. सोमवारी मॅनेजरने मीटिंगची सुरुवातच आमच्या फोटोने केली.

त्या फोटोनंतरचे साडेचार तास मात्र कुठल्याच फोटोत नाहीत. हा लेख त्या साडेचार तासांबद्दल आहे, आणि त्यातून माझ्या मागे लागलेल्या एका प्रश्नाबद्दल. आपण सुखरूप परत आलो, एवढ्यावरून आपण बरोबर होतो असं ठरतं का?

एक वाजता परत

आम्ही दोघं पुण्यात एकाच कॉलेजात इंजिनियरिंग शिकलो. शनिवारी रात्री एसटी पकडायची, रविवारी राजगड, तोरणा किंवा हरिश्चंद्रगड करायचा आणि सोमवारी पहिल्या लेक्चरला शेवटच्या बाकावर झोपायचं, हा आमचा अभ्यासक्रम. पुढे नोकरीने दोघांना बॉस्टनजवळ आणून टाकलं. तिथून अडीच-तीन तास गाडी चालवली की न्यू हॅम्पशायर राज्यातले व्हाइट माउंटन्स लागतात. तिथलं सगळ्यात उंच शिखर माउंट वॉशिंग्टन, १,९१७ मीटर. त्याच्याच रांगेत दक्षिणेला आयझेनहॉवर आणि पियर्स ही आणखी ठेंगणी शिखरं आहेत.

आकडे ऐकून पहिल्यांदा आम्हाला हसूच आलं होतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे पियर्स आणि आयझेनहॉवर दोन्ही कळसूबाईपेक्षा बुटकी. पण कळसूबाई १९ अक्षांशावर आहे आणि हे डोंगर ४४ अक्षांशावर. इथे साधारण चौदाशे मीटरच्या आसपास झाडं संपतात. त्याच्यावर नुसता दगड, बर्फ आणि वारा. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर हवामानाची वेधशाळा आहे. तिथे १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला आणि तो जागतिक विक्रम साठ वर्षांहून जास्त टिकला. तेव्हा इथे डोंगराची उंची विचारून काही कळत नाही, वारा विचारावा लागतो.

आम्ही बेत नीट आखला होता, हे मला आवर्जून सांगायचंय. आम्ही काही चप्पल घालून गेलेलो नव्हतो. भाड्याने स्नोशू घेतले होते. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो: बुटाखाली बांधायची रुंद, लांबट फळी, खाली पोलादी दात. वजन मोठ्या जागेवर पसरतं, म्हणून भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत जात नाही. लोकरीचे थर होते, जादा हातमोजे होते, गरम चहाचे दोन थर्मास होते. वेधशाळेचा सकाळचा अंदाज वाचला होता: दुपारनंतर ढग खाली येतील, वारा वाढेल. म्हणून आदल्या रात्री जेवताना ठरवलं की असू तिथून, दुपारी एक वाजता परत फिरायचं. माथा दहा पावलांवर असला तरी. मित्रच म्हणाला होता, ‘दहा पावलांवर असला तरी.’ आणि आम्ही दोघं त्यावर हसलो होतो.

मग एक वाजला

सकाळी सव्वाआठला क्रॉफर्ड पाथने चढायला लागलो. ही वाट १८१९ साली क्रॉफर्ड नावाच्या बापलेकांनी पाडली. दोनशे वर्षं चालून चालून ती माणसांच्या सवयीची झाली आहे. पण आदल्या रात्री फूटभर ताजा बर्फ पडला होता आणि आमच्या आधी त्या दिवशी फार कुणी गेलेलं नव्हतं. आळीपाळीने पुढे राहून वाट दाबत जायचं. पुढचा दमला की बाजूला होतो, मागचा पुढे येतो. जंगल इतकं शांत होतं की स्वतःच्या श्वासाचीच लाज वाटावी. फांद्यांवर बर्फाचे कापसासारखे गोळे आणि वर निळं आभाळ. हिशोबापेक्षा आम्ही तासभर मागे होतो, पण आभाळ निळं असताना घड्याळ कोण बघतं?

पियर्सच्या माथ्यावर पोचलो तेव्हा बारा चाळीस झाले होते. तिथून झाडी विरळ होत जाते आणि समोर उघड्या धारेवर आयझेनहॉवरचा गोल, टक्कल पडल्यासारखा माथा दिसतो. अडीच-पावणेतीन किलोमीटर. त्याच्यामागे उभा असायला हवा तो माउंट वॉशिंग्टन मात्र दिसत नव्हता. तिथे करडी भिंत होती.

समोरून एक बाई परत येत होती. साठीच्या आसपासची, एकटी, पाठीवर अगदी जुनी सॅक. आम्ही विचारलं, माथ्यावर जाऊन आलात का? ती म्हणाली, नाही, अर्ध्यातूनच फिरले, मला आज ते ढग आवडले नाहीत. इतक्या सहज म्हणाली, जणू भाजीवाल्याकडचे टोमॅटो आवडले नाहीत. आम्ही ‘टेक केअर’ म्हणालो. ती गेल्यावर मित्र म्हणाला, ‘अरे, वय झालंय तिचं. आपल्याला तासभर पुरेल.’ मी काही बोललो नाही. न बोलणं हाही एक निर्णय असतो, हे मला नंतर कळलं.

एक वाजला तेव्हा आम्ही धारेवर होतो, माथ्याकडे तोंड करून. दोघांच्याही मनगटावर घड्याळ होतं आणि दोघांनीही ते बाहीखाली राहू दिलं.

वर पोचलो, दोन वाजून दहा मिनिटांनी. फोटो काढला. हातमोजा काढून तीन वेळा क्लिक केलं, तेवढ्यात बोटं लाकडाची झाली. पारा उणे १५ च्या आसपास आणि वारा ताशी ६५ किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ३० सारखं लागतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि बोटांना माहीत असणं यात फरक असतो.

फोटो काढून वळलो तर वाट नव्हती. करडी भिंत आमच्यापर्यंत आली होती. वर पांढरं, खाली पांढरं, मधे आम्ही. आमचीच पावलं वाऱ्याने दहा मिनिटांत पुसून टाकली होती. धारेवर वाट दाखवायला दगडांच्या राशी रचलेल्या असतात. एका राशीपासून पुढची दिसली तर चालायचं. आम्हाला हातातली काठीही धड दिसत नव्हती. फोन काढला, नकाशा उघडला, बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट बंद. लिथियमच्या बॅटरीचं थंडीत असं होतं, हेही मला माहीत होतं. मित्राचा फोन त्याआधीच गेला होता. कागदी नकाशा गाडीत होता.

चाळीस मिनिटं आम्ही चुकीच्या उतारावर होतो. तिथे खुरटी झाडं बर्फात पूर्ण पुरलेली असतात आणि त्यांच्या फांद्यांखाली पोकळी राहते. वरून सपाट बर्फ दिसतो. मित्र पुढे होता. एक पाऊल टाकलं आणि छातीपर्यंत आत गेला. स्नोशू खाली फांद्यांत अडकला. तो वर खेचू गेला की आणखी आत. मी पोटावर आडवा झालो, हाताने बर्फ उकरला, चाचपडत त्याच्या बुटाचा पट्टा सोडवला. पंधरा मिनिटं लागली असतील. बाहेर आला तेव्हा तो थरथरत होता आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग ढग फाटला. वीस-तीस सेकंद. डावीकडे, आम्ही चाललो होतो त्याच्या जवळजवळ उलट दिशेला, दगडांची एक रास दिसली. आम्ही तिच्याकडे धावलो म्हणायचं. स्नोशू घालून जेवढं धावता येतं तेवढं. तिथून पुढची रास, मग त्याच्या पुढची. अंधार पडला तेव्हा जंगलात होतो. दोघांत एकच डोक्यावरची बॅटरी चालू होती. पावणेसातला गाडीपाशी पोचलो.

गाडीत हीटर लावून वीस मिनिटं बसलो होतो. मग मित्राने चार्जर लावला, फोन सुरू झाला आणि त्याने फोटो टाकला. मी आईला फोन केला. म्हणालो, ‘मस्त झाला ट्रेक.’

नशिबाचे मार्क

आता प्रश्न. आमच्या गोष्टीत दोन शेवट शक्य होते. ढग फाटला, हा एक. ढग फाटला नाही, हा दुसरा. दोन्ही शेवटांत आम्ही तेच दोघं. एक वाजता घड्याळ बाहीखाली ठेवणारे तेच. पहिल्या शेवटात लोक म्हणतात ‘भारी! जिगर!’ दुसऱ्या शेवटात तेच लोक म्हणाले असते, ‘अक्कल नाही का? अंदाज वाचता येत नाही?’ आमच्या वागण्यात तसूभर फरक नाही. फरक आहे तो ढगात.

तत्त्वज्ञानात या कोड्याला नाव आहे: नैतिक नशीब. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी एकाच विषयावर समोरासमोर निबंध लिहिले. नेगलचं एक उदाहरण साधं आहे. एका ट्रक ड्रायव्हरने ब्रेक तपासून घेण्यात थोडी हयगय केली. रस्त्यात अचानक मूल आडवं आलं आणि गाडी वेळेत थांबली नाही. हा माणूस जन्मभर स्वतःला दोष देईल. पण तेवढीच हयगय करणारे कितीतरी ड्रायव्हर असतात, ज्यांच्या रस्त्यात त्या दिवशी मूल येत नाही. ते घरी जाऊन जेवतात, झोपतात. हयगय सारखीच, दोष सारखा का नाही? आपल्याला वाटतं की माणसाला त्याच्या ताब्यात असलेल्या गोष्टींवरूनच जोखावं. आणि प्रत्यक्षात आपण जोखतो ते त्याच्या ताब्यात नसलेल्या गोष्टींवरून.

मी त्या ड्रायव्हरांपैकी आहे, ज्यांच्या रस्त्यात मूल आलं नाही.

याला एक सोपं उत्तर आहे: परिणाम सोडून द्या, फक्त निर्णय बघा. गीतेतही कर्मावर अधिकार सांगितलाय, फळावर नाही. आपण तो उपदेश बहुतेक वेळा अपयशाच्या दिवशी आठवतो, पेपर अवघड गेल्यावर किंवा प्रमोशन हुकल्यावर. यशाच्या दिवशी तो कुणी आठवत नाही. पण फळावर अधिकार नसेल, तर गोड फळाचं श्रेयही आपलं नाही. मी त्या फोटोखालचे लाईक्स मोजत होतो तेव्हा मी नेमकं तेच करत होतो: ढगाच्या मेहनतीचा पगार घेत होतो.

जे फुटलं नाही त्याची चौकशी

मी रोजीरोटीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. काय झालं, कधी कळलं, कुठली तपासणी चुकली, सगळं मिनिटामिनिटाने लिहिलं जातं. कुणावर खापर फोडायचं नाही, असा नियमही असतो. चांगली पद्धत आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी चाचण्या पूर्ण न करता कोड चढवला आणि काहीच बिघडलं नाही, तर त्याची बैठक होत नाही. उलट तो माणूस ‘फास्ट’ म्हणून ओळखला जातो. पुढच्या शुक्रवारी आणखी दोघं तसंच करतात. महिन्याभराने तीच पद्धत होऊन बसते.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आकाशात घडलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटलं आणि सात अंतराळवीर गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत नीट बसली नाही. पण त्या कड्यांना इजा झाल्याचं त्याआधीच्या काही उड्डाणांतही दिसलं होतं. ती यानं सुखरूप परतली होती. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी या निर्णयाचा अभ्यास करून १९९६ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नियमापासून थोडं ढळलं आणि काही झालं नाही, की ते ढळणंच नवीन नियम बनतं. प्रत्येक सुखरूप परतीचा अर्थ ‘या वेळी वाचलो’ असा न लागता ‘हे चालतं’ असा लागतो.

डोंगर हा शिक्षक म्हणून वाईट आहे, असं मला आता वाटतं. चुकीच्या उत्तरालाही तो बऱ्याचदा पूर्ण मार्क देतो. दहापैकी नऊ वेळा एक वाजता पुढे गेलं तरी माणूस परत येत असेल. म्हणजे चूक करणाऱ्याला नऊ वेळा शाबासकी मिळते. दहाव्या वेळी जे शिकायला मिळतं ते वापरायला माणूस उरेलच असं नाही.

माझा जीव, माझी मर्जी?

हे सगळं मी मित्राशी बोललो तेव्हा तो म्हणाला, ‘अरे, पण आपण कुणाचं काय बिघडवलं? आपला जीव, आपली मर्जी. मेलो असतो तर आपण मेलो असतो.’ हा मुद्दा वजनदार आहे. आपल्या पिढीला तो फार जवळचाही आहे. धोका पत्करणं हे स्वातंत्र्य आहे आणि ते कुणी हिरावून घेऊ नये, हे मलाही मान्य. पण आपण हरवलो असतो, तर त्या रात्री कोण बाहेर पडलं असतं, याचा विचार आम्ही दोघांपैकी कुणीही केला नव्हता.

जानेवारी १९८२. ह्यू हर हा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वीस वर्षांचा साथीदार माउंट वॉशिंग्टनवर बर्फाची एक घळ चढायला गेले. दोघंही तरबेज. घळ चढून झाल्यावर त्यांनी माथ्याकडे जायचं ठरवलं. वादळ आलं, दिशा चुकली आणि ते भलत्याच दरीत उतरले. तीन रात्री ते त्या थंडीत होते. त्यांना शोधायला गेलेल्यांत अल्बर्ट डाऊ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा स्वयंसेवक होता. २५ जानेवारीला हिमस्खलनात तो गेला. दुसऱ्या दिवशी स्नोशू घालून त्या दरीत फिरणाऱ्या एका बाईला बर्फातले ठसे दिसले आणि ते दोघं सापडले. हरचे दोन्ही पाय गुडघ्याखालून कापावे लागले. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला आणि कृत्रिम पायांवर त्याने केलेल्या कामाने अनेकांना चालतं केलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती हिमतीची आणि पुनर्जन्माची वाटली होती. ती तशी आहेच. पण त्या डोंगरावरून आल्यावर मी ती पुन्हा वाचली, तेव्हा मला फक्त अल्बर्ट डाऊ दिसला. अठ्ठावीस वर्षं. माझंच वय. त्याने कुठलीही घळ चढायचं ठरवलं नव्हतं. माथ्याकडे जायचा निर्णय त्याचा नव्हता. त्या दोन मुलांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं आणि त्या वयाच्या मुलांना दोषी ठरवायला मी इथे बसलेलो नाही. मी त्यांच्याइतका तरबेजही नाही. मी इतकंच म्हणतोय की ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे वाक्य जंगलाच्या कडेला संपतं. मी हरवलो की माझा धोका माझा राहत नाही. तो आपोआप अशा माणसांकडे जातो, जी मला ओळखतही नाहीत आणि तरीही निघतात.

न्यू हॅम्पशायरच्या कायद्याने या प्रश्नाचं एक व्यवहारी उत्तर काढलंय. निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तर सरकार त्या माणसाकडून खर्च वसूल करू शकतं. २०१५ पासून पंचवीस डॉलरचं एक कार्डही मिळतं. ते असलं की साध्या निष्काळजीपणाचं बिल माफ होतं. शोधमोहिमांच्या खर्चाला त्यातून हातभार लागतो. यात मला एक गंमत दिसते. बिल येतं ते हरवलेल्याला. आमच्याइतकाच निष्काळजी, पण ढग फाटलेला माणूस गाडीत बसून फोटो टाकतो. कायद्यालाही नशिबाच्या पलीकडचं बघता येत नाही. त्याला जे घडलं तेच दिसतं. जे घडता घडता राहिलं, ते फक्त आपल्यालाच माहीत असतं. म्हणून त्याचा हिशोब आपणच ठेवायला हवा.

आणि हे काही फक्त तिकडचं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत कुणी दरीत अडकलं की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. त्यांना नोकऱ्या आहेत, दुकानं आहेत, घरी लेकरं आहेत. कॉलेजात असताना आम्ही कितीतरी वेळा भर पावसात निसरड्या कड्यांवरून उतरलो, आणि ‘काही होत नाही रे’ म्हणत उतरलो. काही झालं नाही, हे खरं. त्यातलं किती आमच्या कौशल्याचं होतं आणि किती ढगांचं, हे मला आता सांगता येत नाही.

मग घरीच बसायचं का?

मित्राचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता. ‘तुझ्या हिशोबाने डोंगरावर जायलाच नको. आणि एक वाजता फिरायचं हे आपणच ठरवलं होतं ना? एक का, दीड का नाही? तो नुसता एक आकडा होता. शेवटी प्रसंग पाहूनच ठरवायचं असतं.’

घरी बसायचं नाही. धोका शून्य करायचा असेल तर रस्ताही ओलांडता येणार नाही. डोंगराने मला जे दिलं ते धोक्याशिवाय मिळालं नसतं, हे मला मान्य आहे. आदल्या रात्री आम्ही धोका मोजूनच पत्करला होता. प्रश्न धोका पत्करण्याचा नाही. पत्करलेला धोका वर जाता जाता वाढत गेला आणि आम्ही तो पुन्हा मोजला नाही, हा प्रश्न आहे.

आणि आकड्याबद्दल. तो नुसता आकडा होता, हे शंभर टक्के खरं. दीडही चालला असता. पण तो आकडा कुणी ठरवला होता? पोटभर जेवलेल्या, ऊबेत बसलेल्या, नकाशा समोर असलेल्या दोन माणसांनी. आणि तो मोडला कुणी? दमलेल्या, गारठलेल्या, माथा समोर दिसत असलेल्या दोन माणसांनी. ‘प्रसंग पाहून ठरवू’ म्हणताना आपण धरून चालतो की प्रसंगात आपलं डोकं तेच असेल. ते नसतं. थंडीत ते मंद चालतं आणि माथा दिसला की फक्त एकाच बाजूचा वकील होतं. बेताचा आकडा शहाणा असावा लागत नाही. तो आपल्याशी वाद घालत नाही, हाच त्याचा उपयोग. त्याचा मान राखणं म्हणजे आदल्या रात्रीच्या मित्राला दिलेला शब्द पाळणं, आणि आदल्या रात्रीचा मीही त्यात आलो.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते एवढंच. चूक त्याची नव्हती. एक वाजता मी ‘चल, फिरू’ म्हणालो असतो तर तो कुरकुरला असता आणि फिरला असता. दहा वर्षांची मैत्री आहे, मला माहीत आहे. मी बोललो नाही, कारण मला भित्रा दिसायचं नव्हतं. आणि कदाचित तोही त्याच कारणाने बोलला नाही. दोन माणसं एकमेकांना घाबरून डोंगराला घाबरायची राहून गेली.

दादा, रूट पाठव ना

हे सगळं डोक्यातच राहिलं असतं. पण तीन आठवड्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर एका ज्युनियरचा मेसेज आला. नुकताच मास्टर्स करायला आलेला, पहिलाच हिवाळा. ‘दादा, तुमचा फोटो बघून आम्ही चौघं शनिवारी आयझेनहॉवरला जातोय. रूट पाठव ना. आणि किती वाजता निघालात, किती वाजता पोचलात ते पण सांग.’

मित्राने लगेच वाटेची लिंक टाकली. ‘सव्वाआठला निघालो, सव्वादोनला टॉप. आरामात होतो.’

तो खोटं बोलत नव्हता. दोन्ही वेळा खऱ्या होत्या. मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो. तेव्हा मला कळलं की आमच्या नशिबाची गोष्ट आमच्यापुरती राहिलेली नाही. ती आता माहिती झाली आहे. कुणीतरी तिच्यावर विसंबून वेळापत्रक आखणार आहे. ढग सोडून बाकी सगळं आम्ही पुढे पाठवत होतो.

नैतिक नशिबाच्या कोड्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जगाने मला ढग फाटलेला माणूस म्हणून वागवावं की न फाटलेला, हे माझ्या हातात नाही. पण गोष्ट कशी सांगायची, हे माझ्या हातात आहे. आणि तिथे नशीब चालत नाही. सुखरूप आलेल्या माणसावर मला वाटतं एकच कर्ज असतं: किती थोडक्यात वाचलो, ते सांगणं. जो परत येत नाही, त्याची चूक सगळ्यांना दिसते. जो परत येतो, त्याची चूक फक्त तोच दाखवू शकतो.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. उशीर, ती बाई, बाहीखालचं घड्याळ, गाडीत राहिलेला नकाशा, झाडाचा खड्डा, चाळीस मिनिटं, ढग. लिहिताना ‘आम्ही’ लिहिलं, कुठेही ‘तो’ नाही. शेवटी लिहिलं, ‘टॉपची वेळ विचारू नका, परत फिरायची वेळ ठरवा. आणि ती मोडायची वेळ आली की मोठ्याने बोला.’

ग्रुप थोडा वेळ शांत होता. मित्राने काहीच लिहिलं नाही. दोन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलला. ‘सगळ्यांसमोर कशाला?’ एवढंच एकदा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. आधी त्याला विचारायला हवं होतं. खरं सांगायची घाई झाली की त्यातही माणूस सोबत्याला मागे टाकून पुढे जातो. मी त्याची माफी मागितली, जे लिहिलं त्याबद्दल नाही, न विचारता लिहिलं त्याबद्दल.

ती चार मुलं त्या शनिवारी गेली. पियर्सवरून परत आली. वारा होता म्हणे. संध्याकाळी ज्युनियरने फोटो टाकला: चौघं, मागे झाडं, माथा नाही. त्याला फार लाईक्स आले नाहीत. कदाचित ते आयझेनहॉवरलाही आरामात जाऊन आले असते. वारा पडलाही असता. कळायला मार्ग नाही. परत फिरण्यातली ही एक अडचण आहे: आपण बरोबर होतो, याचा पुरावा कधीच मिळत नाही. त्या बाईलाही मिळाला नसेल.

यंदा आम्ही दोघं पुन्हा गेलो, त्याच वाटेने. एक वाजता धारेवर होतो. आभाळ स्वच्छ होतं, माउंट वॉशिंग्टन अगदी अंगावर आल्यासारखा दिसत होता. माथा अर्ध्या तासावर. मित्राने बाही वर केली, घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, ‘बोल मोठ्याने.’

मी बोललो. आम्ही फिरलो. संध्याकाळपर्यंत आभाळ तसंच निळं होतं आणि गाडीत बसेपर्यंत तो मला शिव्या देत होता. घरी आल्यावर मी आईला फोन केला. माथा झाला नाही म्हणालो. मग मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘हे तेव्हाच का नाही सांगितलंस?’

त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.